विश्लेषण : खेळण्यातल्या विजेच्या रेल्वेला तीन रूळ का असतात? कोण होते जोशुआ लायनेल कोवेन?

खेळण्यातली विजेची रेल्वे जमिनीवर मांडली, ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली आणि गाडी झोकात निघाली. खोलीच्या अलीकडच्या बाजूला ती वेगात धावते, पलीकडच्या वळणावर मात्र रेंगाळते. एखाद्या ठिकाणी थबकते आणि कधी कधी तर चक्क उलट्या दिशेने येऊ लागते. इंजिन बिघडले, असे सगळ्यांना वाटते. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असते आणि वीज रुळांच्या सांध्यात कुठेतरी अडलेली असते. या एका त्रासाभोवती अमेरिकेतला एक मोठा खेळणी उद्योग उभा राहिला, मोठा झाला आणि बुडता बुडता वाचलाही. तो उभा करणारे जोशुआ लायनेल कोवेन यांची ही कहाणी.

घरातला आठवा मुलगा

कोवेन यांचा जन्म १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित होते आणि नऊ भावंडांत जोशुआ आठवा. मूळ आडनाव कोहेन. ते १९१० मध्ये बदलून कोवेन झाले. सात वर्षांचा असताना त्याने लाकडाचे इंजिन कोरून त्याला छोटे वाफेचे यंत्र जोडले होते आणि त्या यंत्राचा स्फोट होऊन भिंतीवरचा कागद खराब झाला, असा किस्सा पुढे कंपनीच्या प्रसिद्धीत रंगवून सांगितला जाई. महाविद्यालयाची पायरी चढला, पण पदवी काही हाती लागली नाही. वर्गापेक्षा बॅटरी, तारा आणि दिवे यांतच मन रमणारा हा मुलगा होता.

तो काळ समजून घ्यायला हवा. वीज तेव्हा घरोघरी पोचलेली नव्हती, पण विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे वेड मात्र पोचले होते. बॅटरी ही त्या काळातली नवलाई होती. तिच्यावर काय काय चालवता येईल, हे शोधणारे तरुण न्यूयॉर्कच्या गल्लोगल्ली होते आणि कोवेन त्यांपैकीच एक.

१८९९ मध्ये त्यांनी छायाचित्रकारांची प्रकाशपूड पेटवण्याच्या एका साधनाचे पेटंट घेतले. त्यात बारीक तार बॅटरीने तापवून पूड पेटवली जाई. कॅमेऱ्यासाठीची ही युक्ती अमेरिकी नौदलाच्या नजरेत भरली. पाणसुरुंग पेटवण्यासाठी नौदलाने त्यांना २४ हजार फ्यूज बनवण्याचे काम दिले आणि त्यातून १२ हजार डॉलर मिळाले. विशीतल्या तरुणासाठी ती मोठी रक्कम होती. तिच्या बळावर १९०० च्या सप्टेंबरमध्ये हॅरी ग्रँट या सहकाऱ्यासोबत त्यांनी कंपनी काढली आणि तिला स्वतःचे मधले नाव दिले : लायनेल.

विजेरीचा शोध खरेच त्यांचा?

कोवेन यांच्याविषयीची सर्वांत लोकप्रिय दंतकथा विजेरीची आहे. कुंडीतल्या रोपावर प्रकाश पाडण्यासाठी त्यांनी नळीत बॅटरी आणि टोकाला दिवा असे एक साधन बनवले, त्याचा कंटाळा आल्यावर ते कॉनरॅड ह्युबर्ट यांना देऊन टाकले आणि ह्युबर्ट यांनी त्यातूनच एव्हरेडीचा व्यवसाय उभारला, असे कोवेन सांगत असत. गोष्ट छान आहे, पण कागदपत्रे तिला साथ देत नाहीत. नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल यांच्या नावे नोंदले गेले आणि ते ह्युबर्ट यांच्या कंपनीकडे होते. कोवेन हे उत्तम विक्रेते होते आणि स्वतःची गोष्ट विकण्यातही ते कमी नव्हते. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुकानाच्या काचेतली गाडी

नव्या कंपनीने आधी छोटा विजेचा पंखा बनवला. तो फिरत असे, पण वारा लागत नसे. पंखा खपला नाही. त्याची मोटर मात्र हाताशी राहिली. ती मोटर कोवेन यांनी एका उघड्या लाकडी डब्याच्या खाली बसवली आणि डबा गोल रुळांवर सोडला. हीच १९०१ च्या सुमाराची ‘इलेक्ट्रिक एक्स्प्रेस’.

गंमत अशी, की हे खेळणे म्हणून बनवलेलेच नव्हते. दुकानदाराने काचेआड गाडी फिरवत ठेवायची, डब्यात विकायची वस्तू ठेवायची आणि रस्त्याने जाणाऱ्यांचे लक्ष वेधायचे, एवढाच हेतू होता. मॅनहॅटनमधल्या रॉबर्ट इंगरसोल यांच्या दुकानात ती लागली. गिऱ्हाईक थांबले खरे, पण आतल्या मालाऐवजी गाडीचीच किंमत विचारू लागले. कोवेन यांना आपला धंदा कोणता हे तिथे उमगले. पुढच्याच वर्षी कंपनीने माहितीपत्रक छापले आणि त्यात ट्रॉलीगाडीही आली.

विजेवर चालणारी खेळण्यातली रेल्वे त्यांनी पहिल्यांदा बनवली, असे मात्र नाही. सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीच्या विजेच्या गाड्या १८९० च्या दशकातच बाजारात होत्या.

या पहिल्या गाडीचे रूळ दोनच होते. लाकडी पट्ट्यांना खाचा पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या बसवायच्या. एका पट्टीतून वीज येणार, इंजिनाच्या एका बाजूच्या चाकांतून मोटरमध्ये शिरणार आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या पट्टीत परतणार. वीज बॅटरीची. अनेकदा ती आम्ल भरलेल्या काचेच्या बरण्यांची ओली बॅटरी असे आणि घरातल्या मुलांनी ती स्वतः जोडावी अशी अपेक्षा असे. आजच्या कोणत्याही सुरक्षा तपासणीत हा संच पहिल्याच पायरीवर बाद झाला असता.

तिसरा रूळ कशासाठी?

१९०६ मध्ये कोवेन यांनी रुळांची मांडणीच बदलली. पत्रा दुमडून बनवलेले पोकळ रूळ, खाली पत्र्याचेच स्लीपर आणि मधोमध तिसरा रूळ. बाहेरच्या दोन रुळांमधले अंतर सव्वादोन इंचांना थोडे कमी, म्हणजे २ १/८ इंच. या मापाला त्यांनी ‘स्टँडर्ड’ असे नाव दिले आणि त्याची नोंदणी करून टाकली. प्रत्यक्षात ते माप तेव्हा दुसरे कोणीच वापरत नव्हते! जर्मन मार्कलिन कंपनीच्या रुळांचे माप घेताना रुळाच्या आतल्या कडेऐवजी मध्यापासून मध्यापर्यंत मोजले गेले आणि त्यातून हा आकडा आला, असा एक तर्क आहे. गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीची गाडी आपल्या रुळांवर चालवता येऊ नये म्हणून तो मुद्दाम निवडला, असा दुसरा. कोवेन यांचा स्वभाव पाहता दुसरा तर्क अगदीच टाकाऊ वाटत नाही.

मधला रूळ दिसायला विचित्र आहे. मुंबईची लोकल वीज वरच्या तारेतून घेते आणि चाकांवाटे रुळांत परत सोडते. कोलकाता आणि बेंगळूरु मेट्रोत तिसरा रूळ आहे, पण तो बाजूला असतो. मग मधोमध का? उत्तर रुळांच्या जोडणीत आहे.

दोन रुळांच्या रचनेत डावा रूळ एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला जोडलेला असतो. आता गाडीने फेरी मारून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत यावे, असा फास तयार केला तर काय होईल? वळून आलेला डावा रूळ उजव्याला जाऊन मिळेल आणि थेट शॉर्ट सर्किट होईल. ते टाळायला रूळ ठिकठिकाणी तोडून वेगळे बटण बसवावे लागते. दहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करणे कठीण. मधल्या रुळात वीज सोडली आणि बाहेरचे दोन्ही रूळ परतीसाठी ठेवले, की मार्ग कसाही वळवा, मधला रूळ मधल्यालाच मिळतो.

दुसरा फायदा त्याहून मोठा. बाहेरचे दोन्ही रूळ पत्र्याच्या स्लीपरमुळे एकमेकांना जोडलेलेच असतात. म्हणजे डावीकडच्या चाकाखाली धूळ आली तरी उजवीकडचे चाक विजेला परत जायला वाट देते. इंजिनाची सगळी चाके एकाच कामाला लागतात. एका सांध्यात डावा रूळ सैल असेल तर उजवा भार उचलतो. कच्चा दुवा उरतो तो मधल्या रुळाचा आणि त्यावरून फिरणाऱ्या इंजिनाखालच्या छोट्या रोलरचा. म्हणून इंजिनाला एकाऐवजी दोन रोलर, थोड्या अंतरावर. एक सांध्याच्या फटीवर असला तर दुसरा विजेला टेकलेला.

मधला रूळ आणि पत्र्याचा स्लीपर यांच्यामध्ये जाड कागदासारख्या विद्युतरोधक तंतूचा तुकडा असतो. सगळी मदार त्या तुकड्यावर. तो फाटला की मधला रूळ स्लीपरला टेकतो आणि पूर्ण मार्ग शॉर्ट होतो.

त्याच सुमारास कोवेन यांनी घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मरही विकायला आणला. ११० व्होल्टची वीज त्यात उतरून २० व्होल्टच्या आसपास येई. आम्लाच्या बरण्या सुटल्या. तेव्हा अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत वीजच नव्हती, त्यामुळे हा निर्णय धाडसाचा होता. पण पुढच्या दोन दशकांत वीज घरांत शिरली आणि तिच्या पाठोपाठ लायनेलची गाडीही. १९१५ मध्ये सव्वा इंची, आकाराने लहान आणि खिशाला परवडणारी ‘ओ’ मापाची गाडी आली. पुढे तीच कंपनीची खरी ओळख झाली.

गाडी अचानक थांबते किंवा उलटी का जाते?

या प्रश्नाचे उत्तर एका प्रतिस्पर्ध्याच्या दिवाळखोरीत सापडते.

कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टची आइव्हज ही कंपनी त्या काळात दर्जेदार मानली जाई. कोवेन यांच्या जाहिराती तिच्यावर तुटून पडत. आइव्हजची ओतीव लोखंडाची इंजिने पडली की फुटतात, आपली पत्र्याची टिकतात, असा त्यांचा सूर असे. अशी जाहिरात सभ्य होती असे म्हणता येणार नाही, पण ती परिणामकारक होती. १९२८ मध्ये आइव्हज दिवाळखोरीत गेली. लायनेल आणि अमेरिकन फ्लायर यांनी ती मिळून घेतली आणि नंतर ती एकट्या लायनेलकडे आली. कोवेन यांना आइव्हजच्या गाड्यांपेक्षा तिच्या एका यंत्रणेत रस होता : दुरून दिशा बदलण्याची यंत्रणा.

प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या या मोटरची दिशा तारा उलटसुलट करून बदलत नाही, कारण मोटरचे दोन्ही भाग एकाच वेळी उलटतात. इंजिनाच्या आत जोडणी बदलावी लागते. आइव्हजने त्यासाठी विद्युतचुंबकावर चालणारा छोटा फिरता स्विच बनवला होता. वीज गेली की त्यातली दांडी खाली पडते, वीज आली की ती वर ओढली जाते आणि स्विच एक घर पुढे सरकतो. पुढे, थांबा, मागे, थांबा असा क्रम. मुलाने ट्रान्सफॉर्मरची मूठ क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केली, की इंजिनाला हात न लावता दिशा बदलते.

युक्ती सुंदर, पण तिला एक गोष्ट कळत नाही : वीज मुलाने बंद केली, की सांध्यात तुटली? सैल सांध्यावर क्षणभर संपर्क सुटला, तरी स्विच एक घर पुढे जातो आणि इंजिन जागीच घुं घुं करत उभे राहते. पुढच्या खंडात ते मागे निघते. म्हणून या इंजिनांवर ही यंत्रणा बंद करून ठेवणारी एक खटकी दिलेली असते. घरातल्या जुन्या गाडीबद्दल मनमानी करते अशी तक्रार असेल, तर आधी ती खटकी बंद करून पाहावी. गाडी सरळ एका दिशेने धावली, की दोष रुळात किंवा रोलरमध्ये आहे हे नक्की.

सांध्यातला दोष कसा शोधतात?

रुळाच्या प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला तीन खिळ्या असतात. त्या पुढच्या तुकड्याच्या पोकळीत शिरतात. वर्षानुवर्षे जोडून-सोडून पोकळी रुंदावते, खिळी गंजते आणि संपर्क कमजोर होतो. प्रत्येक सांधा थोडा विरोध वाढवतो. समजा, एका सांध्याचा विरोध ०.०५ ओहम आणि इंजिन २ अँपिअर घेते. एका सांध्यावर ०.१ व्होल्ट गेले. ओळीने वीस सांधे आले की २ व्होल्ट गायब. १२ व्होल्टवर धावणाऱ्या गाडीला ते लगेच जाणवते.

गोल मार्गात आणखी एक फसवणूक आहे. विजेला दोन्ही बाजूंनी वाट असते. एक सांधा पूर्ण तुटला तरी वीज उलट्या बाजूने फिरून पोचते, त्यामुळे गाडी थांबत नाही, फक्त मंदावते. दोष लपून राहतो. दुसराही सांधा तुटला की त्या दोन सांध्यांमधला भाग पूर्ण मृत होतो आणि सगळे त्या दुसऱ्या सांध्यालाच दोष देतात. म्हणून तपासणी करताना आधी गोल एका ठिकाणी मुद्दाम तोडायचा. मग मार्गाच्या मध्यावर मीटर लावून पाहायचे. तिथे वीज नीट असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य. वीस सांधे असले तरी चार-पाच मोजण्यांत नेमका सांधा सापडतो. मोजताना इंजिन किंवा एखादा दिवा जोडलेला हवा, कारण भार नसताना कमजोर सांधाही पूर्ण व्होल्ट दाखवतो. इथेच बरेच जण फसतात.

शॉर्टची शंका असेल तर ट्रान्सफॉर्मर काढून, गाडी उचलून, मधला आणि बाहेरचा रूळ यांच्यात मीटर लावायचा. आवाज आला तर कुठल्या तरी स्लीपरवरचा तंतूचा तुकडा फाटलेला आहे; तुकडे एकेक वेगळे करून तो शोधावा लागतो.

दुरुस्ती साधी आहे. खिळी घासून गंज काढायचा, रुळाचे रुंदावलेले तोंड पकडीने हलकेच दाबायचे, माथा स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा, रोलरही पुसायचे. मार्ग मोठा असेल तर दूरच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी जाड तारेची जोडी न्यायची. मधल्या रुळाची तार मधल्यालाच आणि बाहेरची बाहेरच्याला. एक गोष्ट मात्र करायची नाही : लोखंडी काथ्याने रूळ घासायचे नाहीत. त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि आत नवाच शॉर्ट तयार करतात.

कोवेन यांच्या अभियंत्यांनी या तुटक्या जोडणीचा उपयोगही करून घेतला. बाहेरच्या एका रुळाचा छोटा भाग विद्युतरोधक खिळ्या घालून मुद्दाम वेगळा केला, की त्यावर गाडी येताच तिची चाके आणि आस दोन रूळ जोडतात आणि फाटक आपोआप खाली येते. खऱ्या रेल्वेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटचेच हे घरगुती भावंड. फरक मोलाचा आहे. खऱ्या रेल्वेत जोडणी तुटली तर सिग्नल लाल होतो, म्हणूनच पावसात रुळांवर पाणी साचले की मुंबईकरांना सिग्नल बिघाडाची घोषणा ऐकावी लागते. खेळण्यात जोडणी तुटली तर फाटक उघडेच राहते. तिथे कोणाचा जीव जात नाही, एवढेच.

मंदी, मिकी आणि युद्ध

१९२९ नंतरच्या मंदीत महागडी खेळणी कोण घेणार? १९३४ मध्ये लायनेल न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी मिकी आणि मिनी माऊसची चावीची हातगाडी एक डॉलरला विकायला आली आणि अडीच लाखांहून अधिक खपली. मिकीने कंपनी वाचवली, अशी बातमी तेव्हा सर्वत्र झाली. एक डॉलरच्या खेळण्यात नफा तो किती असणार? युनियन पॅसिफिकच्या नव्या सुसाट गाडीची जी प्रतिकृती त्याच वर्षी आली, तिचा हातभार अधिक होता, असे अभ्यासक मानतात. पण उंदीर लक्षात राहिला.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून खेळण्यांचे उत्पादन थांबले आणि कारखाना नौदलासाठी होकायंत्रे बनवू लागला. १९४३ च्या नाताळात मुलांसाठी कंपनीकडे फक्त पुठ्ठ्याची गाडी होती. ती घडवणे इतके किचकट होते की मोठ्यांनाही जमेना.

चुंबकाची चाके आणि उतरती कळा

युद्धानंतर धूर सोडणारी इंजिने आली. १९४६ मध्येच प्रतिस्पर्धी अमेरिकन फ्लायरने दोन रुळांची गाडी आणली आणि खऱ्या रेल्वेला कुठे तीन रूळ असतात, हा मुद्दा जोरात मांडला. दिसण्यात त्यांचे बरोबर होते. कोवेन मात्र तिसऱ्या रुळाला चिकटून राहिले. १९५० मध्ये, कंपनीच्या पन्नाशीला, त्यांनी इंजिनाच्या चाकांत चुंबक बसवले. पत्र्याचे रूळ लोखंडी असल्याने चाके रुळाला ओढून धरू लागली, गाडी चढावर घसरेना, वळणावर उलटेना.

१९५३ मध्ये विक्री ३.३ कोटी डॉलरच्या घरात गेली. लायनेल तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी कंपन्यांत गणली जाई. वडील आणि मुलगा मिळून रूळ जोडत आहेत, हे चित्र कोवेन यांनी जाहिरातींतून चाळीस-पन्नास वर्षे घडवले होते. कंपनीच्या खोक्यांवर एका काळी त्यांचाच मुलगा लॉरेन्स हसताना दिसे. मुली या चित्रात जवळपास नव्हत्याच. १९५७ मध्ये त्यांच्यासाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली, ती सपशेल आपटली. रेल्वे आवडणाऱ्या मुलींनाही काळे इंजिनच हवे होते, हे कोणी विचारलेले दिसत नाही. आज तीच गुलाबी गाडी संग्राहकांत भाव खाते.

तोवर मुलांच्या खोलीत मोटारी, विमाने आणि टीव्ही शिरला होता. खऱ्या रेल्वेचेच प्रवासी घटत होते. १९५९ मध्ये कोवेन यांनी आपले समभाग विकले. घेणाऱ्या गटाचे प्रमुख होते त्यांच्याच नात्यातले वकील रॉय कोहन, सिनेटर मॅकार्थी यांचे एकेकाळचे उजवे हात. त्यांना कंपनी सावरता आली नाही. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडातील पाम बीच येथे, वयाच्या ८८ व्या वर्षी कोवेन यांचे निधन झाले.

कंपनी नंतर अनेक हातांतून गेली. ‘स्टँडर्ड’ माप मागे पडले, सव्वा इंची ‘ओ’ माप टिकले. रुळांचे तुकडे आता प्लास्टिकच्या पायावर बसतात आणि खटकन जुळतात. मधला रूळ अजून तिथेच आहे. त्यामुळे युद्धाआधीचे इंजिनही या नव्या रुळांवर ठेवून चालवता येते. त्याआधी रोलर पुसून घ्यायचा, दिशेची खटकी बंद करायची.